सुनेनं सोडवलेली बिडी

आप्पा,

परवा दवाखान्यात गुंजीहून एक माणूस आला होता. तुमच्या तेव्हाच्या वयाचा असेल. धुतलेला पायजमा, डोक्याला टोपी, खिशात बिडीचं बंडल आणि बरोबर लग्न झालेली मुलगी. एका डोळ्यानं सगळं धुरकट दिसतंय, एवढंच सांगत होता. मी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत त्याला बाकावर बसवलं, मग कॅमेऱ्याच्या चौकटीवर हनुवटी टेकवायला लावून डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला. इतकी वर्षं हेच काम करते आहे. माणसाच्या अंगात रक्तवाहिन्या उघड्या बघायच्या तर कुठंतरी कापावं लागतं. डोळा ही एकच जागा अशी, की बाहुलीतून उजेड टाकला की आतल्या केसाएवढ्या शिरा समोर दिसतात. त्याच्या दिसल्या. फुगलेल्या, वाकड्यातिकड्या, आणि एका बाजूला रक्ताचे फराटे. डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं, की धुरानं या बारीक शिरा आकसतात, त्यांचं आतलं अस्तर खराब होतं, रक्त दाट होतं, आणि मग एखाद्या ठिकाणी ते अडतं. त्यात रक्तदाब असला तर विचारायलाच नको. मुलगी ऐकून घेत होती. बाहेर आल्यावर तिनं बापापुढं नुसता हात धरला आणि म्हणाली, "द्या हिकडं." त्यानं खिशातलं बंडल काढून तिच्या हातावर ठेवलं. काडेपेटीपण ठेवली. दोघं बसस्टँडकडं निघून गेली. मी दारातच उभी राहिले. पुढच्या पेशंटचं नाव दोनदा पुकारलं गेलं तरी मला ऐकू आलं नाही. आप्पा, मला त्या मुलीचा इतका हेवा वाटला, की तोंडाला कडू चव आली.

हा हेवा जुना आहे. तो आधी माणसाचा नव्हता, बिडीचा होता. निपाणीतलं आपलं घर तुम्हाला आठवत असेल तर, वखारींच्या मागच्या गल्लीतलं, जिथं तंबाखूचा उग्र वास भिंतींनासुद्धा लागलेला असायचा आणि पाहुणे आले की पहिला अर्धा दिवस शिंकत बसायचे. संध्याकाळी तुम्ही वखारीतून यायचे. चप्पल काढायचे, पायावर पाणी घ्यायचे, आणि घरात न येता पायरीवर बसायचे. ती वेळ बिडीची. आई आतून सांगायची, "आप्पांना आत्ता बोलू नको, बसू दे घटकाभर." मी दारात चौकटीला टेकून उभी. तुमची पाठ दिसायची, आणि डोक्यावरून सरकत जाणारा धूर. धाकटा तेव्हा रांगत होता, त्याला काही कळत नव्हतं. मला मात्र कळायचं, की दिवसभर मी तुमची वाट बघते आणि तुम्ही घरी येता ते आधी तिच्यासाठी येता. स्कॉलरशिपचा निकाल लागला त्या दिवशीही मी तशीच उभी होते. पहिली बिडी संपली. मी पाऊल पुढं टाकलं, तोवर तुम्ही दुसरी पेटवली.

एकदा मी बंडल तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. तुम्ही शोधलं, सापडलं नाही, आणि माझ्या तोंडाकडं बघून तुम्हाला सगळं कळलं. हात उगारला नाही. मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "ह्या घरात जी भाकरी हाय न्हवं, ती तंबाखूची हाय. तुझी पाटी, तुझा झगा, सगळं. तिला नावं ठेवायची न्हाईत." आवाज चढलेला नव्हता. वखारीत पानांची प्रत लावणं तुमचं काम. दिवसभर पानं हातात घ्यायची, उजेडाला धरायची, वास घ्यायचा आणि चांगलं-वाईट वेगळं करायचं. घरीही तसंच होतं. मला त्या दिवशी वाटलं, की तुम्ही मला उजेडाला धरलंत आणि बाजूच्या ढिगात टाकलंत. मुलांना असं काहीही वाटतं. पण ते वाटणं पुढं किती वर्षं राहतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी शिकले, बेळगावात दवाखान्यात लागले, लग्न होऊन तिथल्याच शहापुरात आले. आई गेली. धाकट्यानं जवळच पिरनवाडीत नव्या खोल्या बांधल्या होत्या, तो तुम्हाला तिकडं घेऊन आला. मी म्हटलं होतं, आप्पा, माझ्याकडं या, दवाखाना जवळ आहे. तुम्ही म्हणालात, "लेकीच्या घरी ऱ्हातंय का कोण?" एवढ्यावर विषय संपला. दर रविवारी दुपारी बस धरून मी पिरनवाडीला यायची. तुम्ही मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसलेले, बोटात बिडी. तुमची सून आत काहीतरी करत असायची. बैलहोंगलकडची पोरगी, घरात सगळं कन्नड बोलून वाढलेली, आपल्याकडं येऊन चुलीपुरतं मराठी शिकलेली. तुम्हाला मामा म्हणायची, मला आक्का. माझ्यापेक्षा किती लहान, आणि मी तिच्याशी नीट बोलायची, पण लांबून.

तिनंच मला फोन केला. "आक्का, मामांना काहीतरी झाली. चहा बशीच्या भाईर ओतायलेत." तिचं मराठी तेव्हा असंच होतं, शब्दांची लिंगं उलटसुलट. मी म्हटलं, हात थरथरत असेल. ती म्हणाली, "न्हाय आक्का. हात सरळ हाय. बशी कुठं हाय ते दिसंना झालंय." आदल्या रविवारीच मी तुमच्या समोर बसून चहा घेऊन गेले होते, आणि मला काही दिसलं नव्हतं. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही सांगितलंत, की तोंड धुताना एक डोळा मिटला गेला आणि कळलं, की उजव्यापुढं धूर आहे. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला बोलला नाहीत. ते ऐकतानाच मला कळलं होतं, की आत काय झालं असणार.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा फोटो काढला. आप्पा, तुमचा चेहरा मी त्याआधी कधी हातात धरला नव्हता. तो धरायला मला कॅमेरा मध्ये यावा लागला. हनुवटी चौकटीवर, कपाळ पट्टीला, माझा तळवा तुमच्या गालावर. दाढीचे खुंट टोचत होते आणि श्वासाला तोच वास. "हलू नका आप्पा," मी म्हटलं, आणि तुम्ही खरंच हलला नाहीत. स्क्रीनवर चित्र आलं. पडद्याची मुख्य शीर अडलेली, तिच्या फांद्या सुजून वळवळलेल्या, आणि सगळीकडं रक्त शिंपडल्यासारखं. मी तुम्हाला उजव्या हाताला बसवून डाव्या डोळ्यानं ते बघायला लावलं. तुम्ही पुढं वाकून बघत राहिलात, आणि मग म्हणालात, "पानाच्या शिरागत दिसतंय की गं. डागी पान हाय हे." मग विचारलंत, "हे परत हिरवं व्हतंय का?"

मी सांगितलं, गेलेलं फारसं परत येत नाही. सूज उतरवायला लेझर करतील, पण दुसरा डोळा वाचवायचा तर बिडी बंद करायला पाहिजे. रक्तदाबाची गोळी आणि बिडी बंद. मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं, एकेक शीर दाखवून. एवढं लांब आपण दोघं कधी बोललो नव्हतो, म्हणजे मी बोलत होते. बाहेर आल्यावर तुम्ही लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलात आणि खिशात हात घातलात. मी म्हटलं, "आप्पा, आत्ताच आत काय बोललो आपण?" तुम्ही काडी ओढलीत, ती वाऱ्यानं विझली, दुसरी ओढलीत. म्हणालात, "दुसरा हाय की अजून."

त्यानंतरचे रविवार मला आठवायला नको वाटतात. मी त्या फोटोची मोठी प्रत काढून आणली आणि तुमच्या खोलीत, कॅलेंडरच्या शेजारी चिकटवली. आल्या आल्या विचारायची, आज किती झाल्या. गोळी घेतली का. मी शिरांबद्दल बोलायची, प्राणवायूबद्दल बोलायची, धुरातला वायू रक्तात प्राणवायूची जागा कशी बळकावतो ते सांगायची. तुम्ही खुर्ची थोडी फिरवून बसायचे. एकदा म्हणालात, "तू आलीस की दवाखाना आल्यागत वाटतंय." तुमची सून हसली नाही, पण मान खाली घालून भाजी निवडत राहिली, आणि मला वाटलं ती हसतेच आहे.

मधल्या काळात घरात काय चाललं होतं, हे मला उशिरा कळलं. दुपारचा पेपर मोठ्यानं वाचायची तुमची सवय. वखारीत जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसायच्या आणि तुम्ही त्यांना बातम्या वाचून दाखवायचे, असं आई सांगायची. मी ते कधी ऐकलं नाही, मुलींनी वखारीत यायचं नाही हा तुमचाच नियम. उजवा डोळा गेल्यावर ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. तुम्ही सुनेला म्हणालात, तू वाच. ती म्हणाली, मला येत नाही. शाळेत हिंदीपुरती कधीतरी बघितलेली अक्षरं, तीही पुसलेली. मग तुम्ही काय केलंत, तर पिरनवाडीहून एकट्यानं बस धरून, एका डोळ्यानं पायऱ्या चाचपत, बाजारात गेलात आणि तिच्यासाठी कोरी करकरीत अंकलिपी घेऊन आलात. ती अंकलिपी मी बघितली आहे. आप्पा, माझी अंकलिपी शेजारच्या मुलाची वापरलेली होती. मागची पानं फाटलेली, ज्ञ नव्हताच त्यात. तो मी शाळेत जाऊन शिकले.

आणि तिला शिकवताना तुम्ही हसायचे म्हणे. ती "तो गाय" म्हणायची, तुम्ही हसायचे. "ती घोडा" म्हणायची, तुम्ही परत हसायचे आणि सांगायचे, "घोड्याला विचार तरी." माझा पाढा चुकला की तुम्ही एकच शब्द बोलायचे, "परत." हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. परत. मी परत म्हणायची.

एका रविवारी मी आले आणि अंगणात खुर्ची रिकामी होती. तुम्ही आत बसला होता, दाराजवळच्या उजेडात, ती खाली चटईवर, मांडीवर पेपर. मी तुमच्याजवळ वाकले तर वास नव्हता. शर्टाला नुसता साबणाचा वास. मी धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो म्हणाला, "सोडली की त्यांनी. महिना झाला असंल. तुला बोलले न्हाईत?" महिन्याभरात मी चार वेळा तरी येऊन गेले होते. रजा नव्हती म्हणून घाईत यायची, औषधाची पट्टी बघायची आणि शेवटची बस धरायची, हेही खरं. मग मी तिला विचारलं, काय केलंस तू? ती घाबरली. "मी काय केलं न्हाय आक्का. मामा शिकवायला बसले की मधीच बिडीला उठायचे. परत आले की कुठली ओळ चाललीया ते त्यांना गावायचं न्हाय. बोट ठेवून मी बसायची, तरी गावायचं न्हाय. मग एक दिवस म्हणाले, आता उठत न्हाय. आणि उठलेच न्हाईत."

एवढंच. कुणी फोटो दाखवला नाही, कुणी शिरा मोजल्या नाहीत. तिची ओळ हरवू नये म्हणून तुम्ही चाळीस-पन्नास वर्षांची बिडी टाकलीत. मी तिला म्हटलं, छान झालं. मनापासून म्हटलं, पण दवाखान्यातल्या बाईनं म्हणावं तसं. बसमध्ये खिडकीजवळ बसले आणि शहापूर येईपर्यंत दात आवळून बाहेर बघत राहिले. ज्या डोळ्यासाठी मी इतकी भांडले तो डोळा वाचणार होता आणि मला आनंद होत नव्हता. आनंदाच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

पुढं दर काही महिन्यांनी मी तुमच्या डाव्या डोळ्याचा फोटो काढत राहिले. तो शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. शिरा सरळ, कडा नीट, कुठं डाग नाही. डॉक्टर एकदा म्हणाले, "घरचीच बाई या कामात असली, की पेशंट ऐकतो." तुम्ही खुर्चीतून उठत होता. काठी शोधत म्हणालात, "तसं न्हाय डॉक्टर. सुनेनं सोडवली." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढच्या माणसाच्या डोळ्यात थेंब घालायला गेले.

डोळ्यातल्या शिरा जे दाखवतात ते हृदयातही चाललेलं असतं. हे मला माहीत होतं, तुम्हालाही मी सांगितलं होतं. इतक्या वर्षांचा धूर एका दुपारी अंकलिपी आणून धुतला जात नाही. तुम्ही गेलात ते जेवणानंतर, त्याच दाराजवळ. तिनं तुम्हाला मांडीवर घेतलं होतं. मी त्या वेळी दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत कुणालातरी सांगत होते, हलू नका.

त्यालाही आता पंधराएक वर्षं झाली असतील. मी तिला कधी विचारलं नव्हतं. परवा गुंजीचा माणूस बंडल देऊन गेला, त्यानंतर मला राहवेना. काल पिरनवाडीला गेले, ती भाकरी थापत होती, आणि मी सरळ विचारलं, "मी एवढं सांगत होते तेव्हा आप्पा माझ्यामागं काय म्हणायचे?" तिनं पीठ झाडलं. आता तिच्या केसांत पांढरं दिसतं. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका आक्का. एकदा म्हणाले होते, पोरगी लई हुशार निघाली. पण ती माझ्या तोंडाकडं बघत न्हाय, डोळ्यात बघती."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली, फुगली, काढली, दुसरी टाकली. मग माझ्यापुढं ताटली सरकवली. म्हणाली, "खावा." मी खाल्ली. तुम्हाला उत्तर द्यायचं होतं मला. द्यायला तुम्ही नव्हता, आणि असता तरी तुमची पाठ माझ्याकडं असती असं मला वाटतं. तुम्ही तरी माझ्या तोंडाकडं कधी बघितलंत, आप्पा? तेव्हा मी दारात उभी होते. तुम्ही मागं वळला असता तर तोंडच दिसलं असतं, त्यात वेगळं काही नव्हतं.

रागानं लिहायला बसले होते, तो इथवर येईपर्यंत उतरला आहे. हेवा उतरलेला नाही. कारण जेवणानंतर तिनं नेहमीसारखा पेपर उघडला. ती आता सगळं वाचते, अग्रलेखसुद्धा. आणि आप्पा, ती तुमच्यासारखं वाचते. वाक्य संपत आलं की शेवटचा शब्द थोडा लांबवून खाली सोडते. मथळा वाचला की थांबते, घसा साफ करते, जणू समोर बायका गोल करून बसल्या आहेत आणि सगळ्यांचं लक्ष लागेपर्यंत पुढं जायचं नाही. निपाणीचा तो सूर माझ्या बोलण्यात राहिला नाही, धाकट्याच्या बोलण्यात नाही. तो राहिला आहे एका कन्नड बाईच्या मराठीत. तुमचा आवाज तिच्याकडं गेला. मला तुमच्या शिरांचे फोटो मिळाले, एक खराब आणि बाकीचे चांगले, दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते तेही नवीन मशीन आल्यावर गेले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. तुम्हाला फक्त एक सांगायचं होतं, जे तिला ठाऊक नाही. मी अजूनही रविवारी गेले की तिला म्हणते, चष्मा घरी राहिला गं, तूच वाचून दाखव. मग ती वाचते, आणि मी डोळे मिटून बसते. चष्मा पर्समध्येच असतो.